ओव्हनचा खटका

हडपसर, पुणे
२९ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रेमला,

सप्रेम जयभीम.

तू नाशिकला गेल्याला आज पंधरा दिवस झाले. फोन केला की आपली आम्रपाली उचलते. आई झोपली आहे, आई आंघोळीला गेली आहे, आई आत्ताच डोळा लागून पडली आहे. एवढी झोप आणि एवढ्या आंघोळी तू इथे चाळीस वर्षांत घेतल्या नाहीस. म्हणून पत्र लिहितो. पत्र मुलीच्या कानावरून जात नाही.

कामाचं आधी लिहितो. आम्रपालीचं म्हणणं आहे की ओव्हन विकून टाका, आई आता पुन्हा त्याच्यासमोर उभी राहणार नाही. तिनेच तुझ्या साठीला तो स्वयंपाकघराच्या कपाटात बसवून दिला होता, तेव्हा तो काढायचा हुकूम द्यायचा हक्कही तिचाच. तिसऱ्या मजल्यावरच्या ललिताताई घ्यायला तयार आहेत. त्यांची अट एकच, चालवून दाखवा. इथे घोडं अडलं आहे. ओव्हन चालत नाही. आतला दिवा लागतो. डावं बटण फिरवलं, उजवं फिरवलं, दोन्ही एकदम फिरवली, वीस मिनिटं वाट पाहिली, आत हात घातला तर फ्रिज बरा. समोरच्या पट्टीवर बारा वाजलेले दिसतात आणि ते बारा सारखे लुकलुकतात. खरे वाजले होते पावणेपाच. साधी वस्तू असती तर मागून उघडून पाहिली असती, पण या वस्तूला पाठच नाही, सगळं अंग कपाटात. काय करायचं ते कळव.

९ ऑगस्टचा विषय मी काढणार नव्हतो. पण तू तो मनात धरून गेली आहेस म्हणून माझी बाजू नोंदवून ठेवतो. श्रावण पौर्णिमेला विहारातल्या मुलांसाठी दीडशे नानकटाया करायचं तू स्वतःहून कबूल केलं होतंस. दोन ट्रे नीट झाले. तिसरा आत ठेवलास, पंचवीस मिनिटं लावलीस आणि समोरच्या विहारात सतरंज्या घालायला गेलीस. तो आपला आपण बंद होतो, असं सांगून गेलीस. परत आलीस तेव्हा बरोबर विहारातल्या दोघी बायका होत्या. ट्रेमध्ये कच्चं पीठ, तूप सुटून पसरलेलं. तू मला विचारलंस, "अहो, लाइट गेली होती का?" मी नाही म्हणालो. लाइट गेलीच नव्हती, हॉलमध्ये पंखा चालू होता, मी पेपर वाचत होतो. मग त्या दोघींसमोर मी म्हणालो की हिला हल्ली काही आठवत नाही, एक दिवस घर पेटवेल. शब्द कडक झाले, मान्य. पण ती चौथी वेळ होती, प्रेमला. शिवाय बंद करायला विसरलीस ते पाच वेळा. मी मोजलं आहे. मोजणं हे माझं आयुष्यभराचं काम होतं.

आम्रपालीने २२ सप्टेंबरला विसराळूपणाच्या डॉक्टरांकडे तुझं नाव लावलं आहे, हे तिने सांगितलं. बरं केलं. अशा गोष्टीत उशीर नको.

मी ठीक आहे. सकाळी पोहे, दुपारी डबा, रात्री दूध-पोळी. एक सांगायचं राहिलं, तुझ्या कडीपत्त्याला नवी पालवी फुटली आहे.

तुझा,
रतन


हडपसर
५ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रेमला,

जयभीम. तुझं उत्तर आलं नाही. पोस्टाने दिरंगाई केली असेल असं मी धरून चाललो आहे.

ओव्हनचं पुस्तक सापडलं. अक्षर मुंगीएवढं, भाषा इंग्रजी, पण कारखान्याच्या भांडारात चौतीस वर्षं असलीच पुस्तकं वाचली आहेत. त्यात लिहिलं आहे की घड्याळ लावल्याशिवाय हा गृहस्थ तापतच नाही. असली अट मी कुठल्या यंत्राची ऐकली नव्हती. पण लावलं. दोन बटणं एकत्र दाबून धरायची, आकडे थांबले की सोडायची. लगेच आत लाल झालं. तुझ्याशिवाय मला हे जमलं, याची नोंद घ्यावी.

काल ललिताताई आल्या. मी त्यांना खुर्ची दिली आणि ऐटीत १८० वर लावून दाखवला. सात-आठ मिनिटांत वास यायला लागला, मग दाराच्या फटीतून काळा धूर. ललिताताईंनी ओरडून खिडक्या उघडल्या, मी बटणं शून्यावर आणली. दार उघडायला गेलो तर त्या म्हणाल्या, उघडू नका, आतल्या आत विझू दे. बाईंना अक्कल आहे. अर्ध्या तासाने पाहिलं तर आत प्लास्टिकचा डबा वितळून जाळीवरून खाली ओघळला होता आणि त्याच्या मागे आपल्या दोन पराती, झारा आणि पापडांची पिशवी. ओव्हनचं कोणी कपाट केलं, सांग. जाताना तू सामान आवरलंस तेव्हाच कधी तरी ते आत कोंबलं असणार. मी तुला दोष देत नाही. पण डॉक्टरांना हे जरूर सांग, त्यांना उपयोगी पडेल.

एक गोष्ट मात्र मला कळलेली नाही. मी माझ्या हाताने बटणं शून्यावर आणली, तरी वरून घरघर चालूच होती. अगदी तू चालू ठेवून जायचीस तशी. मी बटणं पुन्हा पाहिली. शून्यच. ललिताताईंनाही दाखवली. घरघर चालूच. ओव्हन बंद आहे आणि चालू आहे. मग मी नेहमीप्रमाणे दाराजवळच्या बोर्डातला त्याचा खटका खाली पाडला, तेव्हा गप्प झाला. पण मग प्रश्न असा पडतो की काल तो चालू कोणी ठेवला? तू तर नाशिकला आहेस.

वितळलेलं प्लास्टिक कसं काढायचं ते कळव. सुरी लावून पाहिली, थोडं निघालं, बाकी काचेवर बसलं आहे.

समोरच्या गल्लीतल्या मंडळाचे ढोल उद्या संपतील, मग डोकं चालेल. हो, एक सांगायचं राहिलंच. तुझ्या कडीपत्त्याला नवी पालवी फुटली आहे.

तुझा,
रतन


हडपसर
१० सप्टेंबर २०२५

प्रिय प्रेमला,

तुझं कार्ड काल मिळालं. वर 'प्रिय' नाही, खाली नाव नाही, मधे सात ओळी. त्या इथे उतरवतो, म्हणजे आपल्या दोघांत वाद नको.

"काचेला सुरी आणि तारेची घासणी लावू नका, चरा पडला तर तापल्यावर काच फुटते. ओव्हन पूर्ण थंड असताना खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून ठेवा, मग लाकडी उलथन्याने हळू खरवडा. वरच्या सळीला पाणी लावू नका. प्लास्टिक सगळं निघेपर्यंत तापवू नका. डबा मी ठेवलेला नाही. घड्याळ लुकलुकत होतं म्हणजे एक तर लाइट गेली असणार किंवा कोणीतरी खटका पाडला असणार. ९ तारखेलाही ते लुकलुकत होतं. म्हणून तर मी तुम्हाला विचारलं होतं."

मी हे चार वेळा वाचलं. मग उठून प्रयोग केला. ओव्हन तापवला नाही, नुसतं घड्याळ लावलं. दाराजवळ गेलो, खटका खाली, दहा आकडे मोजले, खटका वर. परत स्वयंपाकघरात आलो. बारा लुकलुकत होते. पुन्हा केलं, पुन्हा बारा. पाच वेळा केलं. पाचव्या वेळी मी तिथेच तुझ्या स्टुलावर बसलो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी पेपर वाचत होतो. वाचत होतो, पण तू परत आलीस तेव्हा. तू विहारात गेल्यावर मी पेपर आणायला खाली गेलो होतो, कारण त्या दिवशी पेपर घरी टाकला नव्हता. कोपऱ्यावर कोणी तरी भेटलं, बोलण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली.

कारखान्यात भांडाराच्या दारावर पाटी होती, ती तुला पाठ आहे. शेवटी जाणाऱ्याने मेन खाली, पहिल्या येणाऱ्याने मेन वर. चौतीस वर्षं शेवटी जाणारा मी आणि पहिला येणाराही मीच. घरातही माझं तेच चालायचं, फ्रिजचा सोडून बाकीचे खटके. तू हसायचीस, म्हणायचीस, "अहो, हे घर आहे, गोदाम नाही." आणि ओव्हन आला तेव्हा तू मला बोर्डासमोर उभं करून बजावलं होतंस की याचा खटका सोडा, बाकीच्यांशी काय खेळायचं ते खेळा. मी सोडतो म्हणालो होतो. तू त्यावर विश्वास ठेवलास, म्हणून तर "तुम्ही खटका पाडला का" असं न विचारता "लाइट गेली होती का" असं विचारलंस.

त्या दिवशी मी तो पाडला का? मला आठवत नाही. पाडला नाही असंही आठवत नाही. दाराला कडी घातल्याचं कुणाला आठवतं? आपण परत येऊन पाहतो तेव्हा ती घातलेली असते, एवढंच. पण घर रिकामं होतं, शेवटी जाणारा मीच होतो आणि परत येणारा पहिला मीच. मग बारा लुकलुकायला लागले. हिशोब दुसरीकडे कुठे जातच नाही.

बाकीच्या तीन वेळा मी आठवून पाहतो आहे. जूनमधला केक, तेव्हा मी दाढी करायला खाली गेलो होतो का? मेमधला पाव? मी तारखा लिहिल्या आहेत, तुझी चूक काय तेही लिहिलं आहे. मी कुठे होतो ते एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही.

सगळ्यात मोठी अडचण त्या घरघरीची आहे. ती पाच वेळा तूच चालू ठेवून गेली होतीस, निदान ते तरी खरं असायला हवं. नाही तर माझ्याकडे काहीच उरत नाही. सोसायटीचे वायरमन बापूराव यांना निरोप दिला आहे, ते शनिवारी येतील.

सांगायचं राहिलं, तुझ्या कडीपत्त्याला नवी पालवी फुटली आहे.

रतन


हडपसर
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रेमला,

हे पत्र आम्रपालीला दाखवलंस तरी चालेल. आधीची दाखवू नकोस.

काल बापूराव आले. मांजरी गावाहून दुचाकीवर, हातात तीच जुनी पिशवी. त्यांनी ओव्हनचा दरवाजा उघडून रबर चाचपलं, आत टॉर्च मारला, प्लास्टिक निघालेलं पाहून मान डोलावली. सोड्याने निघालं, तुझ्या सांगण्याप्रमाणे. तीन दिवस लागले. मग त्यांनी रिकामा ओव्हन दहा मिनिटं तापवला, बटणं शून्यावर आणली आणि वरून घरघर सुरू राहिली. मी म्हणालो, "ऐका. हे काय आहे?"

"पंखा हाय त्यो. आत तापलेलं असतंय ना, साहेब. बंद केलं तरी ह्यो फिरत राहतोय, लाकडी कपाटाला आच लागू नये म्हणून. थंड झालं की आपसूक थांबतोय."

"म्हणजे तो कोणी चालू ठेवत नाही?"

"कोण ठेवंल? त्याच्या अंगचंच हाय ते. मधीच खटका पाडायचा न्हाई. गरमी आतच कोंडती, आजूबाजूचं लाकूड तापतंय. उलट त्येच वाईट."

आम्ही दोघं उभे राहून ऐकत होतो. बावीस मिनिटांनी तो आपला आपण थांबला. प्रेमला, तू एकदाही ओव्हन चालू ठेवला नाहीस. पाचच्या पाच वेळा तू तो बंद केला होतास आणि मी आरडाओरडा करून, खटका पाडून, तुला स्वयंपाकघरात बोलावून दाखवलं की बघ, पुन्हा विसरलीस. तू म्हणायचीस, "मी बंद केला होता हो, मला वाटतं केला होता." पहिल्या वेळी 'केला होता' म्हणालीस. पाचव्या वेळी 'मला वाटतं' म्हणालीस. घर पेटवण्याचं कोणी काम करत असेल तर ते मी करत होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. बापूराव पिशवी आवरता आवरता म्हणाले, "साहेब, रागावू नका, पण हे समदं म्या तुम्हाला मागंच सांगितलंय. मार्चात रबर बदलाय आलो तवा. तुम्ही वहीत लिवून घेतलं व्हतं की."

मी म्हणालो, मार्चमध्ये तुम्ही आला नव्हतात. त्यांनी नुसतं रबराकडे बोट दाखवलं. रबर नवं आहे.

ते गेल्यावर वही काढली. १९ मार्चचं पान. अक्षर माझं, शाई माझ्या पेनाची. "बापूराव आले. ओव्हनच्या दाराचं रबर बदललं. बंद केल्यावर पंखा फिरत राहतो, मग आपोआप थांबतो, घाबरू नये. खटका पाडल्यास घड्याळ जाते व ओव्हन तापत नाही. प्रेमलाला सांगणे." शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ. माझ्या वहीत झालेल्या कामापुढे खूण असते, तुला ठाऊक आहे. रबरापुढे खूण आहे. 'प्रेमलाला सांगणे' याच्यापुढे नाही. तू त्या दिवशी बहुधा विहारात होतीस.

मला रबर आठवत नाही. बापूराव आठवत नाहीत. पान वाचताना दुसऱ्या कुणाचं तरी टपाल उघडल्यासारखं वाटलं.

आणखी एक कबूल करायचं राहिलं आहे. त्या वितळलेल्या डब्याचं. ललिताताईंनी तेव्हाच ओळखला होता. त्या म्हणाल्या, "अहो, हा तर माझा डबा. गणपती बसले त्या दिवशी चिवडा दिला होता ना तुम्हाला?" म्हणजे तू गेल्यानंतर तेरा दिवसांनी तो घरात आला. घरात मी एकटा होतो. तरी मी तुला पत्र लिहिलं की तूच ठेवला असशील. त्यांचं बोलणं मी पत्रातून गाळलं. हे मी जाणूनबुजून केलं, एवढं मला नक्की आठवतं.

म्हणून आता मला माझाच भरवसा वाटत नाही. बापूरावांनी सांगितलेलं मी विसरलो, की ठाऊक असून दाबून ठेवलं? कालपासून मी या दोन्हींमध्ये येरझाऱ्या घालतो आहे. विसरलो असं म्हणावं तर डब्याची गोष्ट आडवी येते, कारण तिथे मी साफ लबाडी केली. दाबलं असं म्हणावं तर रबर का आठवू नये? लबाड माणसाला निदान सगळं आठवत असतं.

आणि एक गोष्ट लिहायलाच हवी. तू विसरतेस असं म्हणताना मला बरं वाटायचं. तुला ओव्हन मिळाल्यापासून घराची बेल तुझ्यासाठी वाजायची. विहारातल्या बायका, शाळेतली मुलं, ललिताताई, सगळ्यांना प्रेमलाताई हव्या. मला चौतीस वर्षं माणसं विचारत होती, साहेब, अमुक वस्तू कुठे आहे, आणि मी डोळे मिटून खण सांगायचो. रिटायर झाल्यावर कोणी काही विचारेना. मग तू घाबरून विचारायला लागलीस, "अहो, मी घड्याळ लावलं का? तुम्ही पाहिलंत का?" मला ते आवडलं. याची मला लाज वाटते, प्रेमला. मला क्षमा कर असं लिहिणार होतो, पण ते तू ठरवशील.

ओव्हन विकणार नाही असं ललिताताईंना कळवलं आहे. त्या म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं." सगळ्यांना सगळं ठाऊक असतं असं दिसतं.

रतन


हडपसर
१८ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रेमला,

आज तुझं पाकीट आलं. या वेळी वर 'अहो' आहे.

तू लिहितेस, पाच महिने तू रोज पहाटे उठून, मी जागा व्हायच्या आत, त्रिशरण-पंचशील मनात म्हणून पाहायचीस, एखादी ओळ सुटते का ते. मग आम्रपालीच्या वर्गातल्या मुलींची नावं, मग माहेरच्या गल्लीतली घरं ओळीने. "एकदाही काही सुटलं नाही. तरी मी माझ्यावर न ठेवता तुमच्यावर विश्वास ठेवला." हे वाक्य मी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मला वाटायचं तू ध्यान करतेस. मी शेजारी घोरत होतो.

तुला राग आला आहे हे वाचून बरं वाटलं. राग आलेलं माणूस स्वतःवर संशय घेत नाही.

पण त्याच्या खाली तू जे लिहिलं आहेस त्याने मी गडबडलो. "कडीपत्त्याचं तुम्ही तीन पत्रांत तीनदा लिहिलंत. तिन्ही वेळा 'सांगायचं राहिलं' म्हणून. अक्षरही शेवटी शेवटी उतरत जातं आहे. पत्रं मी कुणाला दाखवलेली नाहीत. तुम्ही बरे आहात ना?" एवढं सगळं मी करून ठेवल्यावर तुला हे विचारावंसं वाटतं. मी काय उत्तर देऊ? माझ्या हिशोबाने मी ते एकदाच लिहिलं होतं. तुझ्याकडे तिन्ही पत्रं आहेत म्हणून तुझं खरं.

सकाळी ओव्हन लावला. आत काही नाही ना ते आधी पाहिलं, दाराच्या मुठीवरचा ओला पंचा काढला, घड्याळ लावलं, तुझ्या वहीतल्या मापाने एक ट्रे नानकटाया आत सरकवल्या आणि पंचवीस मिनिटं स्टुलावर बसून राहिलो, जागचा हललो नाही. मागच्या रांगेतल्या सहा करपल्या, बाकी खाण्यासारख्या आहेत. नंतर पंखा थांबेपर्यंतही बसलो. दाराजवळच्या बोर्डावर पाटी लावली आहे: 'हा खटका पाडू नये. विशेषतः रतन यांनी.' ललिताताई वाचून हसल्या. पाटी त्यांच्यासाठी नाही. उद्या मलाच कुणी तरी सांगायला हवं की ती का लावली आहे.

मी लपवलं की विसरलो, ते मला अजून कळलेलं नाही. थोडं हे असेल, थोडं ते असेल. मला एकट्याला ते शोधता येणार नाही, कारण शोधायला निघालेलं डोकंही तेच आहे.

म्हणून एक काम कर. २२ तारखेची डॉक्टरांची वेळ रद्द करू नकोस. आम्रपालीला सांगून फक्त नाव बदलून घे. मी २१ ला सकाळच्या गाडीने निघतो. १९ मार्चचं पान असलेली वही आणि नानकटायांचा डबा बरोबर आणतो. डबा स्टीलचा आहे. आत मी जाईन, तू बाहेर बाकावर बस. डॉक्टर विचारतील, काय होतं, तेव्हा मी चुकीचं काही सांगितलं तर तू आत ये आणि मला खोडून काढ. या वेळी मी तुझं ऐकेन.

तुझा,
रतन

ता. क. तुझ्या कडीपत्त्याला नवी पालवी फुटली आहे. ही चौथी वेळ आहे, मला माहीत आहे.